एक जूनची मुलगी

रामवाडी, पेण
१८ नोव्हेंबर २०२४

काका,

आणि तपासणीत चौथ्या मण्याला मुलगी थांबली. लाल, पिवळा, लाल, मग पुन्हा पिवळा ओवायचा होता. हातात पिवळा मणी धरून ती जिभेनं खालचा दात हलवत बसली. घड्याळ चालू होतं. खिडकीशी बसलेली तिची आजी म्हणाली, "ओव गो बाय, बाई बघतायत." मी आजीला बाहेर बसायला सांगितलं. तसा नियम आहे. मग मुलीनं मणी खाली ठेवला आणि दाराकडे बघत राहिली.

तुम्हाला लिहिते, कारण शाळा तुमची आहे. धरमतरच्या बाजूची, खाडीकाठची, तुम्ही जिथून निवृत्त झालात ती. फळ्याच्या कोपऱ्यात तुम्ही रंगवलेली सुविचाराची चौकट अजून आहे. आत काही लिहिलेलं नव्हतं.

माझं काम तुम्हाला मावशीकडून ठाऊक आहे. जी मुलं मागे पडतात ती माझ्यासमोर बसवली जातात. दोन तास. ठोकळे, चित्रं, मणी, प्रश्न. शेवटी एक आकडा.

ही मुलगी तिसरीत आहे. नाव लिहू नये, पण हे पत्र तुमच्याशिवाय कोण वाचणार? भूमिका. आई नमिता तिच्या जन्मानंतर वर्षभरात गेली. वडील निकेश जेट्टीवर बार्जचा माल उतरवतात. आजी धोंडुबाई, पूर्वी मिठागरावर जायची. मुलीला वाचता येत नाही. वजाबाकी येत नाही. तिरका चौकोन दाखवून काढायला सांगितला तर तिनं सरळ काढला आणि म्हणाली, "मिठाचा वाफा." दोन तासांत ती आपणहून एवढंच बोलली.

तिचं मानसिक वय आलं पावणेसहा. खरं वय जवळजवळ साडेआठ. भागून शंभरनं गुणलं की अडुसष्ट. सत्तरच्या खाली आमच्याकडे वेगळा शब्द आहे. १६ डिसेंबरला शिबिर आहे. तिथं डॉक्टर माझा अहवाल बघून दिव्यांग प्रमाणपत्र देतील. त्यावर तिला अशा मुलांच्या निवासी शाळेत घालतील. ती शाळा लांब आहे, जिल्ह्याबाहेर. मुलं वर्षातून दोनदा घरी येतात.

काहीतरी बसत नाही. मंद मुलं मी पाहिली आहेत. ही मंद वाटत नाही, लहान वाटते. असं अहवालात लिहिता येत नाही.

तुम्हाला हे घर आठवतं का? मेसेज करणार होते, पण मेसेजला तुम्ही "ठीक" एवढंच उत्तर देता आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मावशी असताना आपल्याकडे पत्रं होती. म्हणून हे.

सावनी


अष्टमी, रोहा
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सावनी,

पत्र मिळालं. तुझी विमलमावशी गेल्यापासून पोस्टमन या दारी थांबत नव्हता. परवा थांबला. बेल वाजवली असेल, मला कळलं नाही. दुपारी केर काढताना दाराखाली पाकीट दिसलं. वर माझं नाव होतं.

घर आठवतं. धोंडुबाई शाळेच्या खिचडीसाठी मीठ आणून द्यायची. "गुरुजी, दुकानातला घालू नका, त्याला चव नाय." निकेश माझाच विद्यार्थी. हुशार नव्हता, पण एक दिवस चुकला नाही. पावसात बांध फुटला तेव्हा चड्डी डोक्यावर बांधून पोहत शाळेत आला होता. मी त्याला रागावलो आणि मग त्याची हजेरी लावली.

इकडे ठीक. सकाळी पूल ओलांडून रोह्यात जातो, पेपर घेतो, परत येतो. पुलावर ओळखीचे लोक हात करतात, मीही करतो. रविवारी अंबरीश बापाला व्हिडिओ कॉल करतो. त्याचे ओठ हलतात, मी मान हलवतो. कानाचं यंत्र घेतलं आहे. त्यातून माणसांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो.

अहवालाची घाई करू नकोस. मूल एक दिवस वेगळं असतं, दुसऱ्या दिवशी वेगळं. तिला भूक लागली असेल. ताप असेल. शिबिर पुढच्या वर्षावर गेलं तर बरं.

एक विचारायचं राहिलं. मुलांचं वय तुम्ही कशावरून धरता?

आशीर्वाद.
त्र्यंबककाका


रामवाडी, पेण
२८ नोव्हेंबर २०२४

काका,

वय कागदावरून धरतो. शाळेचं जनरल रजिस्टर, बोनाफाईड, आधार. भूमिकाचे तिन्ही जुळतात. १ जून २०१६. तपासणीच्या तारखेतून ती वजा करायची. आठ वर्षं पाच महिने. आमच्या कामात सगळं या वजाबाकीवर उभं असतं, म्हणून ती मी दोनदा करते.

तुमच्या शाळेची गंमत सांगते. वरच्या वर्गांतल्या बारा मुलांपैकी सात जणांचा जन्म एक जूनचा. नव्या ऋतुजा मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे वाढदिवसाला केक एकच पुरतो." मी हसले. जिथं जन्माची नोंद झालेली नसते तिथं असं करतात हे ठाऊक आहे मला. दोन-तीन महिने इकडेतिकडे. त्यानं आकडा हलत नाही.

शिबिर पुढं ढकलता येत नाही. निकेशनं फॉर्मवर सही केली. सही करताना विचारलं, "तिकडं मारत नायत ना?" मी नाही म्हटलं. "मंग धाडा. आई म्हातारी झाली. माझी शिफ्ट असते." भूमिका शेजारी उभी होती. तिनं माझ्या पिशवीतले ठोकळे मागितले. मी दिले नाहीत. ते बाहेर काढायचे नसतात.

गावात शिरले की बाया मुलांना घरात घेतात. एक जण परवा मोठ्यानं म्हणाली, "आली गो, येड्यांची बाई." मी ऐकलं नाही असं दाखवलं. हे रोजचं आहे. दिवसभर मी अशा मुलांशी बोलते जी उत्तर देत नाहीत, आणि रामवाडीला घरी आले की कोणाशीच नाही. हायवेवरून ट्रक जातात तेव्हा कपाटातल्या ताटल्या वाजतात. पंधरा दिवसांत मी स्वतःबद्दल कोणाशी एक वाक्य बोललेली नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

एकदा या ना. रोह्याहून गाडीनं तासाभराचं तर अंतर.

वयाचं का विचारलंत ते तुम्ही लिहिलं नाहीत.

सावनी


रामवाडी, पेण
४ डिसेंबर २०२४

काका,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते.

काल घरची माहिती भरायला धोंडुबाईंकडे गेले होते. भूमिका अंगणात मूठ घट्ट धरून उभी होती. मुठीत दात होता. आजीनं तो घेतला, तिच्या डोक्यावरून ओवाळला आणि पत्र्यावर टाकला. "पयलाच हाय गो," मला म्हणाली आणि हसली.

साडेआठ वर्षांच्या मुलीचा पहिला दात. तो सहा-सातला पडतो. माझ्या अहवालात मी लिहिलं आहे: "लक्ष विचलित. दात हलवत बसते."

"आजी, हिला किती वर्षं झाली?"

"शालंत लिवलंय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचाय? मी अंगठेवाली."

"जन्माचा काही कागद आहे? टोचण्यांचं कार्ड?"

त्यांनी आत पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हाय. पन दाखवायचा नाय."

"कोण म्हणालं?"

"गुरुजी. हे ठेव बोलले, कोनाला दाखवू नको. कोनी इचारला तर सहा पुरी झाली बोल. त्यांनी येऊन सांगितला तर दाखवीन."

"अहो आजी, पोरीला लांब धाडतील."

"गुरुजी वंगाळ सांगायचे नायत."

मग त्यांनी मला चहा दिला. मी प्यायले. गुरुजी कोण ते विचारलं नाही. त्या शाळेवर पंचवीस वर्षं एकच गुरुजी होते.

काका, वय कशावरून धरता हे विचारताना तुम्हाला माहीत होतं. पुढच्या वर्षावर ढकल असं लिहिलंत तेव्हाही. मी ते पत्र पुन्हा वाचलं. त्यात मिठाचं आहे, पुलाचं आहे, निकेश पोहत आला त्याचं आहे.

तुम्ही आलात तर ती पेटी उघडेल. माझ्या सांगण्यानं उघडणार नाही. शिबिर सोळा तारखेला, सोमवारी.

सावनी


अष्टमी, रोहा
८ डिसेंबर २०२४

चि. सावनी,

तुझं आधीचं पत्र आलं त्यानंतर दोनदा स्टेशनवर गेलो. एकदा तिकीटही काढलं. गाडी आली, लोक चढले, मी बाकावर बसून राहिलो. गाडी गेल्यावर घरी आलो.

सांगतो.

२०२२चा जून. तीस तारखेला मी निवृत्त होणार होतो. पट एकोणीस होता. वीसच्या आतल्या शाळांची यादी वरून मागवली होती. आमची बंद झाली असती तर त्या एकोणीस जणांना बांधावरून तीन किलोमीटर चालत पलीकडे जावं लागलं असतं. भरतीला तो बांध कसा होतो ते मी पाहिलं आहे. धोंडुबाई मीठ घेऊन आली. पोरगी कडेवर होती. मी विचारलं, केवढी झाली? "साडेचार झाली, गुरुजी." मी कार्ड मागवून घेतलं. वाचलं. परत दिलं. मग रजिस्टरात १ जून २०१६ लिहिलं.

बाकीचे दाखले त्या एका ओळीवरून निघाले. ते जुळणारच.

आम्ही सगळेच असं करायचो. शाळा भरायच्या सुमाराला सहा पूर्ण होतील अशी तारीख टाकायची. मूल लवकर येतं, पट राहतो, कोणाचं काही जात नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. इतरांचे दोन-चार महिने असायचे. हिचं दीड वर्ष. वाटलं, पहिलीत दोनदा बसेल, भरून निघेल. आता पहिलीत कोणाला दोनदा बसवत नाहीत हे मला माहीत होतं. तरी असं वाटून घेतलं.

विमल त्या महिन्यात अंथरुणावर होती. रोज संध्याकाळी शाळेचं विचारायची. मी पट वीस झाला एवढंच सांगितलं. कसा झाला ते सांगितलं असतं तर तिनं मला उठवून रात्रीच्या रात्री ती ओळ खोडायला पाठवलं असतं.

निवृत्तीला चार वर्षं झालेली नाहीत, तोवर जुनं काढता येतं. लिहून दिलं तर चौकशी लागू शकते. मला त्याचं भय नाही असं लिहिणार होतो. आहे. आणि पट खरा नव्हता हे बाहेर आलं तर त्या शाळेचं काय होईल तेही सांगता येत नाही.

धोंडुबाईसाठी चिठ्ठी जोडली आहे. कार्ड सावनीताईंना द्यावं असं लिहिलं आहे. खाली सही आहे. वाचून दाखव. मी यायची गरज पडू नये.

त्र्यंबककाका


रामवाडी, पेण
११ डिसेंबर २०२४

काका,

चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी मान खाली घालून सगळी ऐकली. कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत दिला.

"कागूद कोनी पन लिवतो. आधी पन गुरुजींनीच लिवला होता ना."

मी साडेचार धरून पुन्हा वजाबाकी केली. सात वर्षांना एखादा महिना कमी. पावणेसहाला त्यानं भागलं तर त्र्याऐंशी. हुशार म्हणता येणार नाही. पण ज्याला धाडून द्यावं असं ते मूल नाही. अडीच वर्षं ती स्वतःपेक्षा मोठ्या मुलांच्या मागे धावते आहे, एवढंच. तारखेचा पुरावा नसेल तर हा आकडा माझ्या वहीतच राहील आणि शिबिरात अडुसष्टच जाईल. त्यावर सही माझी असेल.

शाळेचं काय होईल, मलाही माहीत नाही. मी त्याचा विचार केला. मग भूमिकाचा केला.

रविवारी मी घरी आहे. जेवायला या. आधी तिकडे, मग माझ्याकडे. किंवा आधी माझ्याकडे, मी सोबत येईन.

सावनी


अष्टमी, रोहा
१५ डिसेंबर २०२४

चि. सावनी,

आज जाऊन आलो.

धोंडुबाई अंगणात मासळी वाळत घालत होती. मला ओळखलं. बस म्हणाली नाही. मी ओट्यावर बसलो. काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मी कानाला हात लावला.

जवळ येऊन ओरडली, "कान गेला का, गुरुजी?"

"कमी ऐकू येतं."

"मंग बरा हाय. आता मी बोलतंय ता ऐकू नका."

मग ती बराच वेळ बोलली. हात मासळीवर चालू होते. तिचं तोंड मला दिसत होतं. यंत्र खिशात होतं. मी ते काढलं, कानात घातलं नाही. शेवटी तिनं पदरानं हात पुसले आणि आत गेली.

पेटीत वरती साडी होती, त्याखाली नमिताचा फोटो, त्याखाली कार्ड. निळी शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. ८ डिसेंबर २०१७. गेल्या रविवारी भूमिकाला सात पूर्ण झाली. मी तसं सांगितलं तेव्हा धोंडुबाईनं बोटं मोजली आणि मान हलवली. मुलगी समोर होती. तिनं मला ओळखलं नाही. ओळखायला मी तिला शिकवलंच नाही. नाव लिहिलं आणि महिन्याभरात निघालो.

निवेदन तिथंच बसून लिहिलं. मूळ तारीख, लिहिलेली तारीख, कारण, सही. कारणात शाळा वाचवायची होती असं आधी लिहिलं होतं. ते खोडून फक्त "पट पूर्ण करण्यासाठी" असं ठेवलं. निवेदन आणि कार्ड धोंडुबाईजवळ आहेत. उद्या ती स्वतः आणणार आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही म्हणाली. माझ्याही.

परत येताना रिक्षा रामवाडीवरूनच आली. तुझी गल्ली दिसली. मी रिक्षावाल्याला सरळ चल म्हटलं. तुझ्यासमोर बसून जेवता आलं नसतं. तू काही बोलली नसतीस, हे मला माहीत आहे.

त्र्यंबककाका


रामवाडी, पेण
१६ डिसेंबर २०२४, संध्याकाळ

काका,

काल भात दोघांचा केला होता. संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला. तुम्ही येऊन गेलात हे आज धोंडुबाईंकडून कळलं. तुमचं पत्र वाटेत असेल.

धोंडुबाई शिबिराला सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. कार्ड ओच्यात. नंबर लागला तेव्हा त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि वर हात ठेवून राहिल्या. डॉक्टरांना हात उचला म्हणावं लागलं.

"आजी, हे शाळेच्या कागदाशी जुळत नाही."

"शालंचा खोटा हाय. गुरुजींनी लिवून दिलाय तसा."

डॉक्टरांनी निवेदन वाचलं. मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" मी अडुसष्ट खोडून त्र्याऐंशी लिहिलं आणि सही केली. वय पक्कं झाल्यावर पुन्हा बघू, असं म्हणून त्यांनी फाईल परत दिली. प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्राशिवाय निवासी शाळा घेत नाही.

निकेश शिफ्ट सोडून आला होता. बाहेर व्हरांड्यात त्यानं विचारलं, "म्हंजे येडी नाय ती?"

"नाही. लहान आहे."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. "मंग मी तिला अभ्यासाला मारला ता कशाला?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर त्याला लिहा. मला नको.

निवेदनाची प्रत ऋतुजा मॅडमनी घेतली. उद्या वर पाठवायला लागेल म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि बाकीचे सहा एक जूनवाले? त्यांचं पण बघायचं का आता?" मी बघायचं म्हटलं. तुम्हाला तालुक्याहून पत्र येईल. ते माझं नसेल. पोस्टमन बेल वाजवेल, म्हणून दाराकडे लक्ष ठेवा.

मला राग आला आहे. तरी हे तुम्हालाच लिहिते आहे. दुसरं कोणी नाही.

सावनी

१७ डिसेंबर. पत्र टाकायच्या आधी शाळेत जाऊन आले. चारही इयत्ता एकाच खोलीत रांगांनी बसतात. आज सकाळी भूमिका आपणहून पहिलीच्या रांगेत जाऊन बसली. ऋतुजा मॅडमनी पाहिलं, तिला उठवलं नाही. हजेरी तिसरीतच लागली.